कोड बरोबर, तरी 'चुकीचा कोड': दर सोमवारी परत येणारं दुखणं

"अरे, परत तेच. कोड चुकीचा म्हणतंय. मी चष्मा लावून, एकेक आकडा बघून टाकलाय."

गेल्या पावसाळ्यात सलग चार सोमवार सकाळी साडेनऊच्या सुमारास मला हा फोन आला. फोन मावशीचा. ती कोपरीत राहते, ठाणे स्टेशनाच्या दहा नंबरवरून वाशीची लोकल पकडते आणि वाशीला एका ऑफिसात हिशेब सांभाळते. तिच्या ऑफिसच्या मेलला दोन टप्प्यांची पडताळणी आहे. पासवर्ड टाकला की फोनमधल्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये दिसणारा सहा आकडी कोडही टाकायचा, मग मेल उघडतो. तिची बसायची जागा तळघरात. तिथे धड रेंज नाही, म्हणून एसएमएसऐवजी अ‍ॅप निवडलं होतं आणि ते बरोबरच होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं लॉगिन आठवड्यातून एकदा आपोआप सुटतं, त्यामुळे कोडाची गरज सोमवारी सकाळीच लागते. नेमकी तेव्हाच गाडी अडायची.

मी ऐरोलीला हेल्पडेस्कवर काम करतो, म्हणजे दिवसभर लोकांची लॉगिनंच सोडवत असतो. तरी घरच्या माणसाचं हे दुखणं महिनाभर मला सुटलं नाही. कारण सापडलं तेव्हा हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली. असाच अडकलेला आणखी कुणी असेल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी चूक कुठे झाली

पहिल्या फोननंतरच्या रविवारी मी कोपरीला जेवायला गेलो. तिचा फोन हातात घेतला, शेजारी माझा ठेवला. तिचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. सेटिंगमध्ये जाऊन वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू केलं, माझ्या लॅपटॉपवर तिचं लॉगिन करून पाहिलं, कोड पहिल्या फटक्यात लागला. "झालं तुझं काम," म्हटलं, चहा घेतला आणि निघालो. काय बिघडलं होतं आणि मी काय केलं, हे तिला सांगितलंच नाही. तिनेही विचारलं नाही. आपल्याकडे फोन दुरुस्त करणाऱ्याला कोण विचारतं!

दुसऱ्या सोमवारी पुन्हा फोन. घड्याळ तर मी स्वतःच्या हाताने लावलेलं, तेव्हा त्याच्याकडे बघायची गरज नाही असं मी धरून चाललो. सगळी गडबड इथेच झाली. तिला फोन बंद-चालू करायला लावला, अ‍ॅप अपडेट करायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात क्यूआर नव्याने स्कॅन करण्याचा घाट घातला. ते तर आणखीच फसलं, कारण नवी नोंद पक्की करतानाही अ‍ॅपमधला एक कोड मागतात आणि चुकत होता तो तोच. नशीब, जुनी नोंद आधी खोडली नव्हती. या सगळ्या दिवसांत मावशी छापून ठेवलेल्या राखीव कोडांवर आत जात होती. दहांपैकी चार खर्च झाले होते.

चौथ्या सोमवारनंतर पुन्हा कोपरी. फोन बघतो तर घड्याळ परत सात मिनिटं पुढे. आता मी विचारलं.

"मावशी, हे घड्याळ कोणी पुढे केलं?"

"मीच. तू गेलास ना त्या दिवशी, रात्री बघते तर फोन भिंतीवरच्या घड्याळाच्या सात मिनिटं मागे पडलेला. म्हटलं तू काहीतरी करताना बिघडला असेल. मी नीट करून ठेवला."

भिंतीवरचं घड्याळ तिने लोकलसाठी गेली कित्येक वर्षं पुढे ठेवलंय. ठाण्यात अशी घरं कमी नाहीत. पाच मिनिटं पुढे, दहा मिनिटं पुढे, काही घरांत तर स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यातच चार मिनिटांचा फरक असतो आणि तो सगळ्यांना पाठ असतो. मावशीच्या दृष्टीने भिंतीवरची वेळ खरी, तिच्याशी जुळत नसलेला फोन बिघडलेला. मी दुरुस्त केलेलं ती इमानेइतबारे बिघडवत होती आणि दोघांनाही आपापलं बरोबर वाटत होतं.

घड्याळाचा आणि कोडाचा संबंध काय

ऑथेंटिकेटरमधला कोड कुठून 'येत' नाही. विमानात, तळघरात, सिम काढून ठेवलेल्या फोनमध्येही तो दर ३० सेकंदांनी बदलत राहतो. फोन तो स्वतः तयार करतो, आणि तिकडे सर्व्हरही आपल्या जागी तोच हिशेब करत असतो. दोघांची उत्तरं जुळली की दार उघडतं.

हे मावशीला समजावताना पंचांग कामी आलं. ठाण्यातले गुरुजी आणि सोलापुरातले गुरुजी आजची तिथी एकमेकांना फोन करून ठरवत नाहीत. दोघांकडे एकच पंचांग, दोघांची आजची तारीख एक, म्हणून तिथी एकच निघते. एकाने चुकून उद्याचं पान उघडलं, तर पंचांग तेच असूनही उत्तर चुकणार. इथे पंचांग म्हणजे ती गुप्त किल्ली, जी पहिल्या दिवशी क्यूआर स्कॅन करताना फोनमध्ये उतरते. आणि तारखेचं पान म्हणजे फोनचं घड्याळ. मावशी दर सोमवारी सात मिनिटांनंतरचं पान उघडून वाचत होती.

खरा हिशेब असा. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून आत्तापर्यंत किती सेकंद झाले ते मोजायचं, त्याला ३० ने भागायचं, येईल तो पूर्णांक घ्यायचा. तो क्रमांक आणि गुप्त किल्ली यांच्यावर एक गणिती प्रक्रिया करून सहा आकडे काढायचे. ही रीत २०११ मध्ये 'आरएफसी ६२३८' या मानकात प्रसिद्ध झाली, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची ऑथेंटिकेटर अ‍ॅप्स तीच पाळतात. म्हणूनच एका कंपनीच्या खात्याचा कोड दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बिनबोभाट चालतो.

माणसाला टाइप करायला वेळ लागतो हे लक्षात घेऊन सर्व्हर सहसा ३० सेकंदांचा एखादा तुकडा इकडे-तिकडे चालवून घेतात. फोन चाळीस-पन्नास सेकंद पुढे असेल तर कोड कधी लागतो, कधी नाही. हे लक्षण फार फसवं आहे. लोक म्हणतात, "दुसऱ्यांदा टाकला की चालतो," आणि मग तीच सवय लागते. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, म्हणजे १४ तुकडे. एवढी सूट कुणी देत नाही, आणि देऊही नये.

घड्याळ बरोबर दिसतं, तरी कोड चुकतो

हा प्रकार मावशीपेक्षा जास्त चक्रावणारा. दुबईहून परतलेल्या माझ्या एका मित्राच्या फोनवर वेळ अगदी बरोबर होती, माझ्या फोनशी मिनिटाला मिनिट जुळत होती. तरी कोड एकदाही लागेना. आत जाऊन पाहिलं तर टाइम झोन अजून दुबईचाच. विमानतळावर उतरल्यावर फोन दीड तास मागे दिसला, म्हणून त्याने आपोआप वेळ बंद करून काटे हाताने दीड तास पुढे ढकलले होते. दिसायला ठाण्याची वेळ, पण फोनचा समज असा की ही दुबईची वेळ आहे. ग्रिनिचच्या हिशेबाने फोन दीड तास पुढे, म्हणजे १८० तुकड्यांचा फरक.

कोडाला तुम्ही कुठल्या देशात आहात याच्याशी घेणंदेणं नाही. टाइम झोन बरोबर आणि वेळही बरोबर, अशी जोडी जमली पाहिजे. आपल्याकडे झोन ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे दिसायला हवा. यादीत तो बहुतेक वेळा कोलकाता या नावाने सापडतो. मुंबई शोधत बसू नका.

तपासायची रीत सोपी आहे. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग 'डेट अँड टाइम'. काही फोनांत हेच 'जनरल मॅनेजमेंट'मध्ये दडलेलं असतं, तेव्हा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'टाइम' टाकणं सगळ्यात लवकर. तिथली वेळेची आणि झोनची अशी दोन्ही आपोआपची बटणं चालू करा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, 'डेट अँड टाइम', 'सेट ऑटोमॅटिकली'. ते आधीच चालू दिसलं तर एकदा बंद करून पुन्हा चालू करा आणि मिनिटभर नेट चालू ठेवा. पडताळून बघायचं असेल तर भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिच्या संकेतस्थळावर सेकंदासकट वेळ दिसते. भिंतीवरच्या घड्याळाशी मात्र ताडून बघू नका.

गुगल ऑथेंटिकेटरच्या जुन्या अँड्रॉइड आवृत्त्यांत कोडापुरती वेळ सुधारण्याचा वेगळा पर्याय असायचा. जुन्या लेखांत अजून तोच सांगितलेला सापडतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये दिसला नाही तर शोधत बसायचं कारण नाही, फोनचं घड्याळ नीट केलं की काम होतं.

घड्याळ बरोबर असेल तर आणखी एक शक्यता बघा: अ‍ॅपमध्ये एकाच खात्याच्या दोन नोंदी. खात्यातून ऑथेंटिकेटर काढून पुन्हा जोडलं की नवी किल्ली मिळते आणि जुनी निकामी होते, पण जुनी नोंद अ‍ॅपमधून आपोआप जात नाही. ती बिचारी दर ३० सेकंदांनी छान कोड दाखवत राहते, जे आता कुठेच चालत नाहीत. दोन्ही नोंदींचे कोड करून बघा, चालणाऱ्या नोंदीला वेगळं नाव द्या, मग जुनी काढा. खात्री होईपर्यंत काहीही खोडू नका.

एसएमएसवाल्यांची तक्रार वेगळी

कुणी "ओटीपीचा प्रॉब्लेम आहे" म्हणालं की आधी विचारावं, कुठला कोड? अ‍ॅपमधला, एसएमएसचा, की आपणच ठरवलेला पिन? तिन्हींना लोक ओटीपीच म्हणतात आणि उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. एसएमएसच्या कोडाला तुमच्या घड्याळाशी काही घेणं नाही. तो येतो किंवा येत नाही, एवढंच.

येत नसेल आणि नुकतंच सिम बदललं असेल, म्हणजे हरवलं म्हणून नवीन घेतलं किंवा ई-सिम केलं, तर २४ तास थांबा. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरावरचे एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. कुणीतरी तुमच्या नावाने परस्पर नवीन सिम काढलं तर त्याच्या हाती लगेच बँकेचे कोड पडू नयेत, यासाठी. कॉल चालतात, नेट चालतं, एसएमएस तेवढे नाहीत, म्हणून माणूस गोंधळतो आणि दुकानदाराशी भांडतो. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्टही करता येत नाही, तेही याच कारणासाठी. तेव्हा आयकराचं रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी सिम बदलायला जाऊ नका.

दुसरं कारण आपला उतावळेपणा. घोडबंदर रोडच्या टॉवरांत आतल्या खोलीत रेंज येते-जाते. कोड आला नाही म्हणून माणूस 'पुन्हा पाठवा' तीनदा दाबतो, मग खिडकीशी गेल्यावर तिन्ही कोड एकदम येऊन पडतात आणि वर दिसतो तो शेवटचाच असेल याची खात्री नाही. बहुतेक ठिकाणी नवा कोड मागितला की आधीचा रद्द होतो. एकदाच दाबा, खिडकीशी जा, दोन मिनिटं थांबा. चहा उतू जाणार नाही.

'डू नॉट डिस्टर्ब' केल्यामुळे ओटीपी अडतात हा गैरसमज मात्र अजून टिकून आहे. १९०९ वर केलेली ती नोंद जाहिरातींचे मेसेज अडवण्यासाठी असते, बँकेचे कोड त्यात अडकत नाहीत. फोनच्या मेसेज अ‍ॅपमधला 'स्पॅम' किंवा 'ब्लॉक्ड' कप्पा मात्र उघडून बघाच. रागाच्या भरात एखाद्या बँकेच्या जाहिरातीला आपणच ब्लॉक केलेलं असतं.

आणि जुना नंबर. बंद पडलेलं सिम कायम आपल्या नावावर राहत नाही. बराच काळ वापर नसला की कंपनी ते बंद करते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. तुमच्या मेलला तो नंबर जोडलेला राहिला, तर कोड जातो त्या अनोळखी माणसाकडे. नंबर सोडण्याआधी तो कुठे कुठे जोडलाय याची यादी करायला एक संध्याकाळ द्यावी लागते, आणि ती कुणी देत नाही. मीही दिली नव्हती.

फोन बदलताना

गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये नवीन फोन घ्यायला गेलात, एक्स्चेंजमध्ये जुना दिला, दुकानातल्या पोराने तुमच्यासमोर डेटा पुसला. घरी आल्यावर कळतं, ऑथेंटिकेटर जुन्या फोनमध्येच राहिलं. फोटो आले, कॉन्टॅक्ट आले, कोड नाही आले. आमच्या हेल्पडेस्कवर दिवाळीच्या आधी आणि नंतर हीच रांग असते.

गुगल ऑथेंटिकेटरमध्ये खाती दुसऱ्या फोनवर हलवण्याचा पर्याय आहे. जुन्या फोनवर 'एक्स्पोर्ट' केलं की क्यूआर दिसतो, तो नव्या फोनने वाचायचा. एप्रिल २०२३ पासून हे अ‍ॅप कोड गुगल खात्यातही साठवू शकतं, म्हणजे नव्या फोनवर त्याच खात्याने आत गेलं की कोड परत येतात. सोय चांगली आहे, पण एक पेच राहतो. गुगल खात्याचाच कोड त्या अ‍ॅपमध्ये असेल आणि हातात दुसरं काही नसेल, तर कपाटाची किल्ली कपाटातच राहिली असं होतं. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटरमध्ये आयफोनवर घेतलेला बॅकअप अँड्रॉइडवर उतरत नाही. कंपनी बदलणाऱ्यांनी हे आधी बघावं. मी स्वतः सरळ नियम पाळतो. नव्या फोनवरून प्रत्येक खात्यात एकदा कोड टाकून आत जाऊन बघेपर्यंत जुना फोन विकायचा नाही, पुसायचा नाही. हजार-दोन हजार कमी मिळाले तरी चालतील.

राखीव कोडांचं म्हणाल तर गुगल एका वेळी दहा देतं, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. नवीन संच काढला की जुना सगळा रद्द. मावशी त्यावरच महिनाभर तरली. तिने ते घराच्या कागदपत्रांच्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवलेत आणि उरलेले सहा महत्त्वाचे म्हणून त्यांची हाताने लिहिलेली एक प्रत पर्समध्ये. फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवू नका. फोनच गेला तर त्याचा काय उपयोग? आणि एक गोष्ट अगदी कळवळून सांगतो. कोडांची पीडीएफ स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रिंट काढू नका. त्याच्या कॉम्प्युटरवर गावाचे आधार कार्ड पडलेले असतात, त्यात तुमच्या मेलच्या चाव्या कशाला? दहाच कोड आहेत, वहीत उतरवून काढा.

सोसायटीचं खातं

ठाण्यात दोन टप्प्यांच्या पडताळणीचं सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण कुठलं असेल तर ते सोसायटीचं जीमेल. पाच जण वापरणारे, एक पासवर्ड, आणि कोड जातो माजी सेक्रेटरींच्या फोनवर. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा, सभेत वाद, वादातून राजीनामा. मग नवीन सेक्रेटरी मेल उघडायला जातात आणि पडद्यावर दिसतं की कोड अमुक आकड्यांनी संपणाऱ्या नंबरावर पाठवला आहे. तो नंबर ज्यांचा, ते आता बोलत नाहीत.

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत आम्ही असं केलं. कोड अ‍ॅपवर घेतला आणि नोंदणीच्या वेळी पडद्यावर दिसणारा क्यूआर सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या फोनने एकामागून एक वाचला. किल्ली एकच, म्हणून दोघांच्या फोनवर एकाच क्षणी तोच कोड दिसतो. राखीव कोड पाकिटात घालून, पाकिटावर दोघांच्या सह्या घेऊन सोसायटीच्या कपाटात. माणूस बदलला की खात्यातून ऑथेंटिकेटर काढून नव्याने जोडायचं, म्हणजे जुन्या फोनमधली किल्ली निकामी होते. सभेच्या इतिवृत्तात त्याची एक ओळ लिहितो. काहींना ती हास्यास्पद वाटते, वाटू दे.

पडताळणी चालू केल्यावर सोसायटीच्या ऑफिसातला स्कॅनर मेल पाठवेना. तो कोड टाकू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी गुगल खात्यात वेगळा 'अ‍ॅप पासवर्ड' काढावा लागतो, सोळा अक्षरी. तो चालला. सहा महिन्यांनी पुन्हा बंद, कारण कुणीतरी मेलचा मुख्य पासवर्ड बदलला होता. मुख्य पासवर्ड बदलला की अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. स्कॅनरवाल्याला व्हिजिटचे पैसे देऊन झाल्यावर हे आमच्या लक्षात आलं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या पिनबद्दल थोडंसं

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी म्हणजे आपणच ठरवलेला सहा आकडी पिन. तो बदलत नाही, त्याला घड्याळ लागत नाही. मधूनच अ‍ॅप तो विचारतं, आपण विसरू नये म्हणून. व्हायरस वगैरे काही नाही. पिन ठरवताना ईमेल द्या. ईमेल दिला नसेल आणि पिन विसरलात तर सात दिवस थांबण्याशिवाय मार्ग नाही. फोन करून "काकू, चुकून माझा कोड तुमच्या नंबरवर आलाय, सांगता का" असं गोड बोलणारा भेटला तर फोन ठेवा. सांगून बसला असाल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, सकाळची वाट बघू नका.

आता मावशीचं काय

फोनची वेळ आपोआप केली आणि यावेळी कारण सांगितलं. पंचांगाचं उदाहरण तिला पटलं, पण लोकलचा प्रश्न तसाच होता. "मग मला गाडी कशी मिळणार? फोन बघूनच निघते मी." हे मला खरंच सुचलं नव्हतं. कोडापुरतं बघितलं तर माझं बरोबर, पण दिघा, ऐरोली, रबाळे करत उभ्याने जाणाऱ्या बाईच्या बाजूने बघितलं तर मी तिची सात मिनिटं काढून घेतली होती.

शेवटी तडजोड झाली. तिचं जुनं मनगटी घड्याळ कपाटातून काढलं, सेल बदलून घेतला आणि सात मिनिटं पुढे लावलं. निघताना ते बघायचं, फोनला हात लावायचा नाही. पुढच्या सोमवारी साडेनऊला मी फोन हातात घेऊन बसलो होतो. वाजला नाही. दहाला मीच केला.

"लागला कोड. पहिल्यांदाच. आता ठेव, माझं व्हाउचर राहिलंय."

भिंतीवरचं घड्याळ अजून सात मिनिटं पुढेच आहे. ते कोड देत नाही, म्हणून मी त्याला हात लावलेला नाही.